सूचना : मेलमधून येणाऱ्या व्हायरसबाबत

सर्व वाचनालय सभासदांस नमस्कार.

मागच्या आठवड्यात खानापूरच्या आपल्या एका काकांनी 'वीजबिल' म्हणून मेलमधून आलेली झिप (फाइली एकत्र बांधलेलं गाठोडं) उघडली आणि नातीच्या लग्नाचे सगळे फोटो कुलूपबंद झाले. बिल तर त्यांनी आधीच भरलं होतं!

विंडोज १० किंवा ११ मध्ये डिफेंडर हा व्हायरस पकडणारा प्रोग्राम मुळातच असतो, विकत काही घ्यायला नको. 'विंडोज सिक्युरिटी'त 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' चालू आहे का, तेवढं बघा. जीमेलही जोडलेल्या फाइली तपासतं. पण पासवर्ड लावलेल्या झिपच्या आत त्याला डोकावता येत नाही. पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलेला असला, तर हात लावू नका.

फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं, बघा. 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' हे बिल नव्हे, तो प्रोग्राम आहे. विंडोज हे शेपूट लपवतं; फाइलींचं फोल्डर उघडून वरच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक करा. २००० सालचा 'आय लव्ह यू' व्हायरस याच लपलेल्या शेपटावर जगभर फिरला.

जमत नसेल त्यांनी रविवारी सकाळी दहाला लॅपटॉप घेऊन वाचनालयात या. शहापूर-वडगावात डेस्कटॉपवाल्यांकडे मीच येतो की, चहा ठेवा.

– चिटणीस