कंटेनरमधलं तापमान बागायतदारालाही कळू द्या

महोदय,

सेन्सरमुळे शेतमालाच्या वाहतुकीत पारदर्शकता आली, असं हल्ली वारंवार छापून येतं. निर्यातीची द्राक्षं पिकवणाऱ्याला यातलं काय दिसतं, तेही कुणीतरी लिहायला हवं.

युरोपला माल पाठवायचा तर अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीवर प्लॉटची नोंदणी लागते. पद्धत चांगली आहे, तक्रार नाही. रॉटरडॅमला पेटी उघडणाऱ्याला ती निफाड तालुक्यातल्या कुठल्या बागेतून निघाली ते शोधता येतं. उलट मला मात्र माझ्या पेटीचं वाटेत काय झालं, ते कळायला मार्ग नाही.

नोंद होत नाही असं नाही. प्रीकूलिंगला, म्हणजे कंटेनरमध्ये भरण्याआधी थंड करताना, माल शून्य-एक अंशावर आणतात आणि कंटेनर भरताना एखाद-दुसऱ्या पेटीत डाटा लॉगर ठेवतात. तो ठरावीक वेळाने तापमान टिपत राहतो. सिमकार्डवाला असला तर दार कधी उघडलं तेही कळवतो.

२०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली. आमच्या मालाला क्लेम बसला, म्हणजे माल खराब पोहोचला म्हणून पैसे कापले गेले. देठ सुकले, मणी गळले म्हणे. एका कंटेनरमध्ये तीन-चार बागांचा माल होता आणि कपात सगळ्यांना सारखी! सगळ्या बागा एकाच वेळी कशा बिघडल्या? प्रीकूलिंग कमी पडलं, की बंदरावर कंटेनरचा विजेचा प्लग निघाला? लॉगरची नोंद मागितली, तर निर्यातदार म्हणाले, ती आयातदाराकडे असते.

न्हावा शेवा बंदरात कंटेनरला आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओ लहरींनी ओळख पटवणारी खूण, असतो. कंटेनरचा क्रमांक टाकला की कंटेनरचा माग ठेवणाऱ्या लॉजिस्टिक्स डेटा बँकेच्या संकेतस्थळावर कंटेनर कुठे पोहोचला ते दिसतं. पण तो टॅग ठिकाण सांगतो, आतलं तापमान नाही. आणि क्रमांकसुद्धा आम्हाला दहादा मागावा लागतो.

अपेडाने ग्रेपनेटवर प्लॉटच्या नोंदणीलाच कंटेनर क्रमांक आणि लॉगरचा आलेख जोडावा. तो आलेख दाखवल्याशिवाय उत्पादकाच्या हिशेबातून क्लेम कापता येणार नाही, अशी अट निर्यातदारांना घालावी. आलेख पाहून दोष बागेचा निघाला, तर कपात मुकाट्याने सोसू.

– एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड, जि. नाशिक