इंजिनाला चिंच लावू नकोस

खानापूर

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

तू घेतलेल्या वाफेवरच्या पितळी खेळण्यातल्या इंजिनाचे फोटो मोठे करून पाहिले. नग झकास मिळालाय गं. पण चिंचेने घासायचं, कल्हईवाल्याकडून सांध्यांचे डाग (सोल्डर) पक्के करून घ्यायचे आणि गणपतीच्या आराशीत वाफेवर पळवायचं, हे तिन्ही बेत आधी बाजूला ठेव.

'रॉकेटचं हुबेहूब मॉडेल' ही विकणाऱ्याची थाप. रॉकेट म्हणजे स्टीफन्सनचं 1829 चं वाफेचं रेल्वे इंजिन; त्याची मोठी चाकं सुमारे 1.43 मीटर व्यासाची होती आणि रुळांमधलं अंतरही जवळपास तेवढंच. म्हणजे मॉडेल कितीही लहान केलं तरी मोठ्या चाकाचा व्यास आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर सारखंच यायला हवं. तू ठेवलेल्या पट्टीवर चाक 62 मिलिमीटर दिसतं, अंतर 44. शिवाय रॉकेटचे सिलिंडर तिरके पण पक्के बसवलेले होते, तुझ्याकडचे खिळीवर झुलतात. हे जुन्या काळचं जमिनीवर पळणारं पितळी खेळणं आहे. मागे पाण्याची ओळ सांडत जायचं, म्हणून इंग्रज त्याला ड्रिब्लर म्हणायचे. मला विचारशील तर अर्ध्यामुर्ध्या प्रतिकृतीपेक्षा हेच बरं. तळाला एक फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसतोय. तसले स्क्रू 1930 च्या दशकात बाजारात आले, तेव्हा मधे कुणीतरी हे उघडलंय.

चिंचेच्या आंबटाने वरचा जुना रंग जातो आणि पितळ तांबूस पडतं. अमोनियाचं पॉलिशही नको. पूर्वी हिंदुस्थानातल्या लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली की आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्याचं कारण, असं 1921 मध्ये सिद्ध झालं. ओढून-ठोकून आकार दिलेल्या पितळेत ताण उरतो, त्याला अमोनिया लागला की चीर पडते. तुझा बॉयलरही तसाच वळवलेल्या पत्र्याचा. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, लगेच कोरडं पुसणं, एवढंच कर. हिरवा कळंक बांबूच्या काडीने खरवड. बॉयलरभोवती पांढरं तंतूसारखं काही दिसलं तर मात्र हात लावू नकोस, ते ॲस्बेस्टॉस असू शकतं.

कल्हई तर नकोच नको. कल्हईचं कथील वितळतं 232 अंशांना, आणि बॉयलरचे सांधे कथील-शिशाच्या डागाचे, ते 183 लाच पाझरायला लागतात. कल्हई चढेपर्यंत बॉयलरचे सुटे पत्रे हातात येतील.

याच कारणाने वाफही नको. बॉयलरमध्ये पाणी आहे तोवर सांधा थंड राहतो. पाणी संपलं आणि खाली स्पिरिटचा दिवा चालूच राहिला, की डाग वितळतो. म्हणून जुनी माणसं स्पिरिट मोजून घालायची, दिवा पाण्याच्या आधी विझावा अशा बेताने. 110 मिलि पाण्याला 10 मिलि स्पिरिट घातलं तर सगळी उष्णता पाण्यात गेली तरी ते आटत नाही. नव्या बॉयलरला हा हिशोब चालतो, शंभरी गाठलेल्या सांध्यांवर मी तो लावणार नाही. त्यात आराशीत कापडी पडदे आणि थर्माकोल!

हवेवर चालव. आधी बॉयलर काठोकाठ पाण्याने भर, आत बुडबुडा राहू देऊ नकोस. पाणी दबत नाही, त्यामुळे सांधा सुटला तरी थेंब येतो, स्फोट होत नाही. दाब दाखवणारा गेज असलेल्या पाण्याच्या हातपंपाने 20 पौंड दाब दे आणि दहा मिनिटं ठेव. सांध्यावर घाम दिसला, तर ते फक्त कपाटात शोभेल. कोरडं राहिलं तर पाणी काढून 5 पौंड दाबाची हवा आत सोड.

चाकं फिरली नाहीत तर पक्कड लावू नकोस. जुनं तेल चिकासारखं घट्ट झालेलं असतं; रॉकेलचा थेंब सोड आणि रात्रभर थांब. मग शिलाई मशीनचं तेल दे. सिलिंडर झुलताना त्याचं भोक कधी हवा येण्याच्या वाटेसमोर येतं, कधी बाहेर जाण्याच्या. तिथे फुसफुस झाली तर मागची स्प्रिंग सैल आहे. अर्धा फेरा आवळ. जास्त आवळलीस तर सिलिंडर झुलतच नाही.

प्लायवुडच्या शोकेसमध्ये ठेवू नकोस, त्यातून सुटणाऱ्या आंबट वाफेने शिशाला पांढरी बुकटी येते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या चार पुड्या आपल्याकडच्या पावसाला पुरतात. शिसं हाताळल्यावर हात धुवायला विसरू नकोस.

सेफ्टी व्हॉल्व्हच्या भोकात हवेची नळी बसवायला नोझल लागेल. जुने आटे इंचातले असतात. मिलिमीटरचा बोल्ट दोन फेरे जातो आणि अडकतो, तिथे जोर केलास तर आटे गेलेच म्हणून समज. निघालेला व्हॉल्व्हच घेऊन बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जा, त्यावरून लेथवर नोझल काढून मिळेल.

तुझे
बाबा