काकू, कालनिर्णयावरच्या त्या गोलांसाठी

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे गं" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून चारचौघांत लिहितेय. मंडळातल्या सगळ्यांना कळू दे.

परवा केशरनं, लेकीच्या सापाच्या पिल्लानं, कात टाकली. डोळ्यांवरच्या चकत्यांपासून शेपटीच्या टोकापर्यंत एकसंध, कुठेही तुकडा नाही. कात अशी अखंड निघाली म्हणजे सापाच्या घरातला दमटपणा बरोबर आहे, हे तुम्ही लेकीला सांगून ठेवलं होतं. ती कात तळहातावर घेऊन लेक जिना उतरत ओरडत आली, "काकूंना फोटो पाठव!" मला तेव्हा बोलता येईना. त्या आधीचे दिवस आठवले.

इथं इंग्लंडमध्ये कॉर्न स्नेक हा बिनविषारी साप पाळायला परवाना लागत नाही. मुलांचा पहिला साप म्हणून तो सर्रास दिला जातो. पण २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यानं पाळणाऱ्यावर जबाबदारी टाकलीय: योग्य जागा, योग्य आहार, दुखण्याखुपण्यापासून संरक्षण. ती जबाबदारी निभवायची कशी, हे सामान विकणाऱ्यानं सांगायला नको का? ज्या दुकानात आम्ही गेलो त्यांनी चार फुटी काचेचं घर, लाल दिवा, नकली वेली आणि कसलीशी पूड आमच्या गळ्यात मारली. घर खालून तापवणाऱ्या हीट मॅटला आवर घालणाऱ्या थर्मोस्टॅटचं विचारलं तर म्हणाले, "नंतर घ्या, हीट मॅट काही फार तापत नाही." खाण्याचं विचारलं तर, "आठवड्याला एक उंदीर." केवढा उंदीर, द्यायचा कसा, पिल्लानं तोंड फिरवलं तर काय, एक अक्षर नाही. आमचं घर शाकाहारी आहे, मग हे सगळं ठेवायचं कुठं, असं विचारल्यावर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मग साप घेताच कशाला?" दहा वर्षांची मुलगी वही-पेन घेऊन त्याच्यासमोर उभी होती. तिनं वही मिटली. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

तुमची-माझी ओळख किती, तर मंडळाच्या गणपतीत एका पंगतीला वाढण्याइतकी. तेवढ्यावर तुम्ही आलात, पिल्लू घरी यायच्या आधीच, पिशवीत स्वतःचा जादा थर्मोस्टॅट आणि लांबून तापमान मोजायचं यंत्र घेऊन. आधी हीट मॅट लावायला सांगितलीत आणि चहा होईपर्यंत थांबलात. मग यंत्र रोखलंत. आकडा ४३ अंशांवर गेला होता. "पोट भाजतं यानं. सापाला ते वेळेवर कळत नाही, तो तिथंच पडून राहतो," एवढंच म्हणालात. दुकानाला शिव्या नाहीत, आम्हाला उपदेश नाही. थर्मोस्टॅटची वायर मॅटवर चिकटवलीत, एक बाजू तिसाच्या जरा वर आणि दुसरी बावीस-चोवीसच्या आसपास येईपर्यंत बसून राहिलात, आणि आकडे लेकीकडून वहीत लिहून घेतलेत. तीच मिटलेली वही.

ते चार फुटी घर वाया गेलं नाही, वर्षभरानं लागेल म्हणालात. वीतभर पिल्लाला एवढ्या उघड्या जागेत भीती वाटते, खाणं सुटतं. म्हणून झाकणाचा छोटा डबा, खाली अस्पेन लाकडाचा भुसा, उबदार बाजूला एक लपायची जागा आणि थंड बाजूला तशीच दुसरी, म्हणजे ऊब हवी की आडोसा हवा यातून तिला निवड करावी लागू नये. पाण्याचं भांडं. ओल्या शेवाळाची डबी. आणि तुम्ही झाकणाच्या कडेवरून करंगळी फिरवत गेलात ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. मागच्या कोपऱ्यातल्या फटीत करंगळी अडली. "इथून जाईल ती," म्हणून तिथं क्लिप लावलीत.

पण मला लिहायचंय ते खरं तर सासूबाईंबद्दल.

त्यांच्या स्वयंपाकघरात आयुष्यात कधी अंडं फुटलेलं नाही. त्या नागपंचमीला चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत, पाटावर नाग काढून पूजा करतात. सापाचं त्यांना वावडं नव्हतंच. गोठवलेले उंदीर घरात येणार, हे त्यांना सहन होत नव्हतं, आणि नातीला नाही म्हणवत नव्हतं. त्या गप्प झाल्या होत्या. घरात जो तो त्यांना समजावत होता. काळ बदललाय म्हणत होता. त्यांना काय वाटतंय हे कुणी विचारलंच नव्हतं.

तुम्ही त्यांच्या शेजारी जाऊन बसलात आणि विचारलंत, "ताई, तुम्ही कुठले वार पाळता?"

त्या दचकल्याच. मग सांगायला लागल्या. गुरुवार, दोन्ही एकादश्या, संकष्टी, शिवाय नवरात्र. तुम्ही खिळ्यावरचं कालनिर्णय काढलंत, मांडीवर घेतलंत आणि पेन्सिलीनं एकेका तारखेभोवती गोल काढत गेलात. पिल्लाला पाच ते सात दिवसांनी खायला लागतं, त्यात दोन दिवसांची सवड असतेच. गोल गुरुवारवर आला की बुधवारी सरकवलात. एकादशीवर आला की द्वादशीला. दर वेळी सासूबाईंना विचारून. नवरात्राशी येऊन थांबलात आणि स्पष्ट सांगितलंत, "ताई, उपास आपला, तिचा नाही. पण घटस्थापनेच्या आदल्या दिवशी खाल्लं आणि मग दसरा उलटल्यावर दिलं, तर एकदा एवढं अंतर धडधाकट पिल्लाला चालतं. नेहमी नाही करायचं." सासूबाई मान डोलावत होत्या. डिसेंबरपर्यंतचे गोल त्यांनी स्वतः काढले.

आणि उठताना सहज बोलल्यासारखं म्हणालात, "पाकीट माझ्या फ्रीजरमध्ये राहू दे, एक खण रिकामाच असतो." तो रिकामा नव्हता, काकू. मी नंतर पाहिलं, तुमच्या मटारच्या आणि खोवलेल्या नारळाच्या पिशव्या तुम्ही दुसरीकडे कोंबल्या होत्या.

माहिती देणारे खूप भेटले. आपल्याला किती कळतं हे दाखवायची त्यांना घाई होती. समोरचं घर कसं आहे, त्यात कोण राहतं, कुणाच्या मनाला काय लागेल, हे बघून मग तोंड उघडणारी माणसं फार थोडी. तुम्ही सापाच्या बाबतीत तसूभरही तडजोड केली नाहीत आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईचा मानही राखलात. मला वाटतं शिक्षण म्हणतात ते हेच. इतक्या वर्षांत परदेशात मी हुशार माणसं पुष्कळ पाहिली, अशी सभ्यता क्वचित.

लेकीनं विचारलं होतं, आजोळी गेल्यावर धामण पाळता येईल का. तुम्ही तिला हसला नाहीत. आपल्याकडचे साप रानाचे आहेत, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते घरात ठेवणं गुन्हा आहे, आणि नागाला दूध पाजणं ही पूजा नाही, साप दूध पचवू शकत नाही, हे सगळं मोठ्या माणसाशी बोलावं तसं सांगितलंत. आता ती शाळेत सांगत सुटलीय.

केशर छान खाते. लेक तुमच्याकडून पिंकी, म्हणजे उंदराचं गोठवलेलं इवलंसं पिल्लू, आणते, बंद पिशवीत घालून वरच्या खोलीतल्या वेगळ्या वाडग्यात कोमट पाण्यात ठेवते, मायक्रोवेव्हजवळही फिरकत नाही. मधला भाग गार नाही ना, हे बोटानं दाबून बघते, लांब चिमट्यानं पुढं धरते आणि हात स्थिर ठेवते. मग दोन दिवस कुणी केशरला हात लावत नाही, आणि साबणानं हात धुतल्याशिवाय ती खाली येत नाही. सासूबाई दारापर्यंत येतात, "खाल्लं का गं तिनं?" विचारतात आणि तारखेवर फुली मारतात.

थर्मोस्टॅटचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. त्याबद्दल सासूबाई माझ्याशी भांडल्यात, तेव्हा पुरणपोळ्या पोचवायला मी येणारच आहे. येताना केशरच्या वजनाची वही आणते. पिंकी आता तिच्या मधल्या जाडीपेक्षा बारीक दिसतेय. पुढच्या मापाचं पाकीट मागवू का, की आणखी थोडं थांबू? रविवारी दुपारी आलो तर चालेल का, तेवढं कळवा.

तुमची,
केशरची आणि तिच्या धनिणीची आई
मिल्टन कीन्स