आपले दप्तर आपल्याला उघडता आले पाहिजे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बडोद्यातल्या एका जुन्या मराठी संस्थेच्या स्मरणिका 1990 च्या दशकापासून संगणकावर जुळवल्या जात. गणेशोत्सवातल्या व्याख्यानांची टिपणे, एकांकिका स्पर्धांचे निकाल, दिवंगत सभासदांवरचे लेख असा सगळा ऐवज त्यांत आहे. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला, तेव्हा छापील अंकांचे गठ्ठे भिजून लगदा झाले. सीडींवरच्या फाइली मात्र शाबूत आहेत. त्या सुरक्षित होत्या, पण वाचता येत नव्हत्या. हा प्रश्न त्या एका संस्थेपुरता नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कारण साधे आहे. हे अंक पेजमेकर या पाने जुळवायच्या सॉफ्टवेअरवर तयार केलेले होते. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, 7.0, 2001 सालची. कंपनीने तो पुढे बंद केला आणि ग्राहकांना दुसऱ्या, महागड्या सॉफ्टवेअरकडे वळवले. दुसरी अडचण फॉन्टची. त्या काळच्या फॉन्टांमध्ये मराठी अक्षर मराठी म्हणून साठवलेलेच नसे. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. कृतिदेवमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ई, जे, के, बी, एच अशी पाच अक्षरे होऊन समोर येतो. कृतिदेवची मांडणी एक, श्रीलिपीची दुसरी. म्हणजे फाइल आपली, मजकूर आपला, भाषा आपली, आणि ती वाचायची किल्ली ज्या कंपनीने विकली तिच्या मर्जीवर. गायकवाडी दप्तरातले मोडी कागद वाचणारे आता थोडे उरले हे खरे, पण मोडी आजही शिकता येते. तिच्या वळणांसाठी कुणाचा परवाना घ्यावा लागत नाही.

या फाइली आमच्या गटाने उघडल्या त्या मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरच्या जोरावर. कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या फाइली पुन्हा वाचता याव्यात यासाठी 2014 मध्ये ‘डॉक्युमेंट लिबरेशन प्रोजेक्ट’ नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यातल्या लोकांनी पेजमेकरच्या फाइलींची रचना उलगडली आणि लिबरऑफिस या मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअरच्या 2015 च्या 4.4 आवृत्तीपासून त्या उघडता येऊ लागल्या. पानाची मांडणी थोडी विस्कटते, मजकूर हाती लागतो. मग तो जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी म्हणूनच वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतात आणायचा. त्यासाठी आम्ही वापरलेला परिवर्तक हिंदीसाठी लिहिलेला होता, त्यामुळे ‘वाऱ्या’, ‘कोपऱ्या’ असे शब्द त्यात हमखास बिघडत. आमच्यात एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकणारी एक मुलगी आहे. परिवर्तकाचा कोड खुला होता, म्हणून तिने तो वाचला, मराठीसाठी लागणारा नियम त्यात जोडला आणि सुधारलेली प्रत सर्वांसाठी परत ठेवली. कुणाला पत्र लिहावे लागले नाही, परवानगी मागावी लागली नाही. उद्या इंदूरच्या किंवा ग्वाल्हेरच्या एखाद्या संस्थेला तोच उपयोगी पडेल. ज्या अंकांच्या फाइली मिळाल्या नाहीत पण छापील प्रत कुणाच्या तरी घरी निघाली, ते आम्ही स्कॅन करून टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरकडून वाचून घेतले. हेही मुक्त सॉफ्टवेअर आहे, आणि मराठी व गुजराती दोन्ही वाचते.

अमेरिकन प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी 27 सप्टेंबर 1983 रोजी मुक्त संगणकप्रणाली घडवण्याच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, ती नेमक्या याच हक्कांसाठी. सॉफ्टवेअर हव्या त्या कामाला वापरावे, आतून कसे चालते ते पाहून बदलावे, दुसऱ्याला द्यावे, आणि आपण केलेली सुधारणाही द्यावी. ते विकायला त्यांची कधीच हरकत नव्हती. 1991 मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा लिहिला आणि पुढे तो ग्नूच्या खुल्या परवान्याखाली आणला. आज जगातले बहुतेक सर्व्हर आणि आपल्या खिशातला अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतो.

आता ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले ती सांगतो. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ला नेहमीच्या मोफत सुरक्षा-सुधारणा मिळणे बंद झाले. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप लागते आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर. परिणामी शाळा, वाचनालये, ट्रस्ट यांच्याकडची धडधाकट यंत्रे ‘निकामी’ ठरवून भंगारात जात आहेत. सभासदांच्या वर्गणीतून घेतलेली ही यंत्रे आहेत. त्यांत बिघाड काही नाही, फक्त एका कंपनीने आपला हात काढून घेतला आहे. अशा यंत्रात एसएसडी ही जलद डिस्क बसवून त्यावर डेबियन किंवा लिनक्स मिंट यांपैकी लिनक्सचे एखादे रूप चढवले, की लिबरऑफिस, इंटरनेट आणि छपाई ही संस्थेची रोजची कामे आणखी काही वर्षे निर्धोक चालतात. टॅली लागत असेल तर हिशेबनिसाचे एक मशीन तसेच ठेवावे, त्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. काही प्रिंटरही त्रास देतात, तेव्हा आधी तपासून घ्यावे. पण एका मशीनच्या अडचणीपायी दहा मशीन भंगारात घालणे ही उधळपट्टी आहे.

हा केवळ पैशांचा हिशेब नाही. ब्रिटनच्या पोस्ट खात्यात फुजित्सूची ‘होरायझन’ नावाची हिशेबप्रणाली बसवली होती. तिच्यातल्या दोषांमुळे शाखांच्या हिशेबात नसलेली तूट दिसू लागली आणि 1999 ते 2015 या काळात 900 हून अधिक उपपोस्टमास्तर चोरी आणि अफरातफरीच्या आरोपांखाली दोषी ठरले. काहींना तुरुंगवास झाला, कित्येकांचे संसार उद्ध्वस्त झाले. न्यायालये संगणक बरोबरच आहे असे गृहीत धरत होती. प्रणालीतल्या ज्ञात चुकांची नोंद कंपनीकडे होती, पण ती या लोकांच्या वकिलांच्या हाती पडायला कित्येक वर्षे गेली. अखेर 2024 मध्ये ब्रिटिश संसदेला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. माणसाचे रेशन, निकाल, घरपट्टी, पेन्शन ज्या सॉफ्टवेअरवर ठरते, त्याचा कोड तपासायचा अधिकार नागरिकाला नसेल, तर यंत्र चुकले हे त्याने सिद्ध तरी कसे करायचे? आपल्याकडे आरोग्य सेतूच्या अँड्रॉइड ॲपचा कोड मे 2020 मध्ये जाहीर झाला, तोही लोकांनी आवाज उठवल्यावर. तो पायंडा प्रत्येक सरकारी प्रणालीसाठी पडला पाहिजे.

धोरणांची उणीव नाही. ई-प्रशासनासाठी युनिकोड 2009 मध्येच मानक ठरले, खुल्या मानकांचे धोरण 2010 चे, आणि सरकारी कामात ओपन सोर्सला, म्हणजे खुल्या कोडच्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण 2015 चे. केरळने तर फार आधी पाऊल टाकले. तिथल्या सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर गेल्या, शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले आणि पाठ्यपुस्तकेही त्यानुसार लिहिली गेली. आमच्याकडे मात्र गुजराती असो की मराठी, जुन्या फॉन्टमधल्या फाइली अजूनही पेन ड्राइव्हवरून फिरत असतात. टाइपरायटरच्या कळफलकाची सवय सुटत नाही अशी सबब सांगितली जाते. त्याच कळफलकावर युनिकोड टाइप करता येते. फॉन्टही कमी नाहीत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेल्या ‘मुक्ता’ फॉन्टची देवनागरी आहे, गुजरातीही आहे, दोन्ही खुल्या परवान्याखाली.

मुक्त सॉफ्टवेअरचे मोल मला सर्वांत लख्ख दिसते ते एनव्हीडीएमध्ये. हे दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवते. ऑस्ट्रेलियातले मायकेल करन स्वतः दृष्टिहीन आहेत. बाजारातली अशी सॉफ्टवेअर अनेक दृष्टिहीनांना परवडत नव्हती, म्हणून त्यांनी 2006 मध्ये हे लिहायला घेतले. ते विंडोजवरच चालते, तरी माझ्या दृष्टीने मोलाचे. सोबतचा मुक्त आवाज मराठीही बोलतो आणि गुजरातीही. बडोद्यातल्या विद्यार्थ्याला ते एक रुपयाही न देता मिळते.

ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण नेले, 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावून मोफत वाचनालयांची यंत्रणा उभारली, पुस्तकांच्या पेट्या भरून खेड्यापाड्यांत पाठवल्या, त्या शहरात ज्ञानावर कुलूप लावणारी साधने सार्वजनिक पैशातून विकत घेणे मला पटत नाही.

संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचा हंगाम येतो आहे. संगणक खरेदीचा विषय आला, की सभासदांनी उठून विचारावे: नव्या सॉफ्टवेअरमधून आपला सगळा मजकूर खुल्या स्वरूपात बाहेर काढता येतो का, आणि विक्रेता उद्या बंद पडला तर त्या फाइली दुसऱ्या कुणाला उघडता येतील का? उत्तर तोंडी न घेता इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. जुन्या मशीनवर लिनक्स चढवून हवे असल्यास आमचा गट रविवारी विनामूल्य येईल, संस्थेने फक्त एसएसडी आणून ठेवावी.

आपला,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे