अपयशाचीही बातमी सविस्तर द्या

संपादक महोदय,

२०२५च्या जानेवारीत श्रीहरिकोटाहून १००वं उड्डाण झालं. जूनमध्ये शुभांशू शुक्ला अंतराळात निघाले. राकेश शर्मांनंतर ४१ वर्षांनी! ऐन दुपारी बारा वाजता आमच्या दांडिया बाजारातल्या घरी आई वरणाची फोडणी सोडून टीव्हीपुढे बसली. यान नऊ-दहा मिनिटांत कक्षेत गेलं, तिकडे मोहरी पार करपली.

पेढे वाटायला सगळेच तयार. पण त्याच वर्षी १८ मे रोजी पीएसएलव्ही-सी६१ या रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्यात दाब घटला, ईओएस-०९ उपग्रह हातचा गेला, तेव्हा घरी येणाऱ्या वर्तमानपत्रात चारच ओळी. घन इंधनाच्या टप्प्यात दाब कशाने घटतो, हे नातवाने विचारलं. मला सांगता येईना. कुणा जाणत्याकडून त्यावर सोप्या मराठीत लिहून घ्याल का?

— एक वाचक, वडोदरा