आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : रात्री आठ वाजता चालायचं कुठे?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर माझी साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि सांगितलं, "रोज अर्धा तास भरभर चाला. हेही औषधच समजा." गोळी गल्लीच्या तोंडाशी मिळाली. चालायची जागा मी अजून शोधते आहे.

मी नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहते. पहाटे पाणी भरायचं, दोन डबे करायचे आणि आठला कामावर निघायचं. पांडवलेणीच्या पायऱ्या माणसं चढत असतात, त्या वेळी माझ्या हातात लाटणं असतं. मोकळीक मिळते ती रात्री आठनंतर. तोवर जवळच्या मैदानाला कुलूप लागलेलं असतं, फुटपाथवर गाड्या उभ्या असतात. गेल्या महिन्यात कडेकडेने चालताना शेजारणीला दुचाकीचा धक्का बसला, मनगट मोडलं. तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या चौघींचं चालणं बंद आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये आकडे दिले : भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, बायकांत ५७. हा आळस नाही, साहेब. दिवसभर पाय दुखेपर्यंत राबूनही दम लागेल असं सलग चालणं आमच्या वाट्याला येत नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटं लागतात, म्हणजे दिवसाला वीस-बावीस. चालताना स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतात, म्हणून जेवणानंतरची वीस मिनिटं आमच्यासारख्यांना फार मोलाची. नेमक्या त्याच वेळी दारं बंद असतात.

शाळांची मैदानं मात्र संध्याकाळनंतर रिकामी पडलेली असतात. ती सात ते साडेनऊ उघडी ठेवा. चांगले दिवे हवेत, फाटकाशी एक महिला सुरक्षारक्षक हवी आणि स्वच्छतागृह उघडं हवं. हे शेवटचं कुणी मोजत नाही, पण त्यापायी कितीतरी बायका घरातून पायच काढत नाहीत. शाळा तुमच्या खात्यात येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. सरकारी दवाखान्यातल्या मधुमेहाच्या गोळ्या मात्र तुमच्याच खात्यातून येतात. शिक्षण आणि नगरविकास खात्यांशी तुम्हीच बोला.

सुरुवात नाशिकमधल्या दहा शाळांपासून करा. येणाऱ्यांची तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी आधी एकदा करा, तीन महिन्यांनी पुन्हा करा. आकडे पाहून पुढचं ठरवा.

पहिल्या दिवशी मी येईन, गल्लीतल्या त्या तिघीही येतील. शेजारणीचं प्लॅस्टर पुढच्या आठवड्यात निघतंय.

आपली,
एक नाशिककर