शीळ घालणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हीच नको म्हणालात. वाड्याचं, म्हणजे वस्तीचंही नाव घालू नकोस म्हणालात, "ना जाल्यार आयतारा गाड्यो येतल्यो" (नाहीतर रविवारी गाड्या येतील), आणि वहिनी चुलीपाशी हसल्या. तेव्हा काणकोण तालुक्यातल्या खोतीगावच्या खोऱ्यातला एक वाडा, एवढंच. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

पत्र मराठीत लिहितेय, कारण तुमची शाळा मराठी होती, आणि ती मराठी तुम्हाला कोणी शिकवली ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.

गणपतीची चवथ आठ दिवसांवर आली होती. मी पहाटे पेडण्याहून निघाले, बसी बदलत बदलत काणकोणच्या बाजारगावी, चावडीला उतरले आणि मैत्रिणीची स्कूटर घेऊन अभयारण्याच्या गेटातून आत शिरले. गेटवरच्या माणसाने वहीत नाव लिहून घेतलं, "एकटीच?" विचारलं, आणि पुढे काही बोलला नाही. तासाभराने त्या "एकटीच?"चा अर्थ कळला. फोनवरच्या नकाशाने मला थेट वहाळाच्या काठावर आणून सोडलं होतं आणि रेंजही काढून घेतली होती. स्कूटरचं मागचं चाक तांबड्या चिखलात अर्धं गेलेलं. ढकलायला उतरले तर चप्पलच आत राहिली. पायाला जळू लागलीय हे तर तुम्ही सांगेपर्यंत कळलंही नव्हतं.

तुम्ही डोंगराकडून आलात ते माटोळीचं सामान, म्हणजे गणपतीवर टांगायची रानफळं घेऊन. खांद्यावर कांगलांचे घोस, हातात लालभडक कवंडळांची वेल, कमरेला आकडीत कोयता. "बाये, हो रस्तो फुडें ना," एवढंच म्हणालात. मग सामान दगडावर ठेवलंत, चार फांद्या तोडून चाकाखाली घातल्यात, पिशवीतला चुना जळूला लावलात. सगळं कसं न बोलता. मला वाटलं, रागावलेत. रागावला नव्हता, पण चवथीच्या तोंडावर कामाचा माणूस असा वाटेत अडकला की त्याच्या डोक्यात काय चालू असेल ते मला कळतं. आमच्याकडेही माटोळी असते. फक्त आम्ही ती म्हापशाच्या बाजारात विकत घेतो, आणि कवंडळाचा भाव ऐकून नाकं मुरडतो. यंदा मुरडणार नाही.

इथवरची मदत रानातल्या कुठल्याही माणसाने केली असती. मला आभार मानायचे आहेत ते पुढच्यासाठी.

मी शाळेबद्दल विचारलं. "खंयची शाळा? ती बंद जाली." मग मी आईचं नाव सांगितलं, लग्नाआधीचं, आणि म्हटलं की 1971 च्या जूनपासून दोन वर्षं ती इथे मास्तरीण होती. तुमचा हात तसाच थांबला. "बाईंगेली धूव तूं?" (बाईंची मुलगी तू?) आणि मग तुम्ही एकदम मराठीत बोलायला लागलात. बोलीतली मराठी नव्हे, पुस्तकातली. "आपल्या मातोश्री कशा आहेत?" दादा, मला त्या क्षणी हसू आणि रडू एकदमच आलं. आई आजही बँकेत, दवाखान्यात, नवख्या माणसाशी अशीच बोलते. तिची भाषा त्या रानात पन्नासहून जास्त वर्षं जपून ठेवलेली सापडली.

आमच्या आईची गोष्ट पेडण्यात सगळ्यांना पाठ आहे. गोव्याच्या मुक्तीला दहा वर्षं होत आली होती, मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या राजवटीत गावोगाव मराठी शाळा निघत होत्या, आणि जिथे कोणी जायला तयार नव्हतं तिथे एकवीस वर्षांची ही मुलगी गेली. पेडणे म्हणजे गोव्याचं वरचं टोक, काणकोण खालचं. झुआरीवर तेव्हा पूल नव्हता. आगशीला फेरीबोटीत बसायचं, कुठ्ठाळीला उतरायचं, मग मडगाव, मग करमलघाट. चावडीच्या पुढे चालत. राहायची सोय एका वाड्यावर, शाळा दुसऱ्या वाड्यावर, मध्ये रान आणि सुपारीच्या खोडांचा साकव. "रोज एकटीने रान तुडवत जायचे," हे वाक्य आम्ही भावंडांनी इतक्या वेळा ऐकलंय की बस चुकली, लाईट गेली, पेपर कठीण गेला, कशावरही उत्तर तेच. मी रान तुडवत जायचे. एकटीने.

आता तिचे गुडघे उतरलेत, वय पंच्याहत्तर. गेल्या पावसात एका दुपारी म्हणाली, "तो साकव आहे का गं अजून?" एवढ्यासाठी मी निघाले होते.

साकव नाही, ते तुम्ही दाखवलंत. तिथे आता सिमेंटचा छोटा पूल आहे, त्याच्या अंगाला जुन्या साकवाच्या दगडी टेकूची एक बाजू तेवढी उरलीय. शाळाही दाखवलीत. कौलं शाबूत, दाराला कुलूप, ओट्यावर कोणीतरी सुपाऱ्या वाळत घालायचं तट्टं उभं करून ठेवलेलं. शेवटच्या वर्षी पटावर तीन मुलं होती म्हणालात. बाकीची बसने लांबच्या शाळेत जातात. खिडकीतून आत डोकावले तर फळा तिथेच होता. मी फोटो काढला, तुम्ही बाजूला झालात. मग तुमच्या कुळागरातून आपण घराकडे वळलो. पाटाचं पाणी, पोफळींवर चढलेली मिरवेल, ओलसर गारवा, आणि वर कुठेतरी एक लांबलचक, वेडीवाकडी शीळ. शाळा चुकवून भटकणाऱ्या पोराने सुरात नसलेलं गाणं वाजवावं तशी. मी विचारलं, कोण वाजवतंय? तुम्ही म्हणालात, पक्षी. पावसात पहाटेपासून असाच ओरडतो. मराठीत त्याला शीळकरी कस्तूर म्हणतात, हे मला नंतर कळलं.

आणि मग चालता चालता, मागे न बघता, तुम्ही ते सांगितलंत.

बाई कधीच एकटी गेली नाही. पहिल्याच आठवड्यात तुमच्या आईने ठरवलं की लांबून आलेली तरणी मुलगी, वाटेत गवे उतरतात, पावसात वहाळ कधी चढेल सांगता येत नाही. पण सोबत दिली तर तिला लाज वाटेल. मास्तरीण आहे, पोरांनी हात धरून नेली असं व्हायला नको. म्हणून एक पोर रोज तिच्या पुढे निघायचं, वळणाच्या पलीकडे, दिसणार नाही इतक्या अंतरावर, हातात काठी. साकवापाशी पाणी बघायचं. पाणी बरं असेल तर एक शीळ, आणि बाई पार झाली की दुसरी, वाड्यावरच्यांना कळावं म्हणून. पाणी चढलेलं असलं तर कोणीतरी मोठं माणूस सहज निघाल्यासारखं साकवावर येऊन उभं राहायचं. संध्याकाळी परत तसंच. दोन वर्षं. बहुतेक वेळा ते पोर तुम्ही होतात. मग वर्गात तिच्याच मागोमाग शिरायचात, उशीर झाला म्हणून.

"आमकां खूब फावटी मार पडलो," तुम्ही म्हणालात. उशीर केला म्हणून बाईंनी छडी मारली. आणि तुम्ही कारण सांगितलं नाही, कारण आईने सांगू नको म्हटलं होतं.

मी त्यावर काय बोलले ते मला आठवत नाही. बहुतेक काहीच नाही.

वहिनींनी उकड्या तांदळाची पेज, तायकिळ्याची भाजी आणि खोलाच्या मिरचीची चटणी वाढली. मी तीनदा पेज घेतली. आम्ही पेडण्याचे लोक काणकोण म्हटलं की पाळोळ्याची वाळू डोळ्यांपुढे आणतो. तुमची वेळीप जमात म्हणजे कोण, हे मला खरं तर शाळेच्या पुस्तकापेक्षा जास्त माहीत नव्हतं. ताटावर बसून मी मूर्खासारखं विचारलं, "तुम्ही अभयारण्यात कधी राहायला आलात?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "अभयारण्य आमगेर आयलें." (अभयारण्य आमच्याकडे आलं.) साठचं दशक संपताना 86 चौरस किलोमीटरवर रेघ मारली गेली, आणि आत वाडे, मांड, देवळं, कुळागरं, पाणंदी सगळं जिथल्या तिथे होतं. माझी आई आली तेव्हा ती रेघ पुरती वाळलीही नव्हती.

मग तुम्ही ती प्लॅस्टिकच्या पिशवीतली फाईल काढलीत. मी मागितली नव्हती, तुम्हीही काही मागत नव्हतात. बाईंच्या मुलीला वाचता येतं, एवढ्याच विश्वासाने दाखवलीत. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तोच मुळी 2003 साली, मुक्तीनंतर चाळीसहून अधिक वर्षांनी. (धनगर-गवळी अजून वाटच बघताहेत.) त्यानंतर 2006 चा वन हक्क कायदा. त्याखाली जमिनीचा हक्क मिळवायला 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ती तुमच्या ताब्यात होती हे दाखवायचं. ज्यांच्या आज्याने, पणज्याने उतारावर कुमेरी केली, रान तोडून, जाळून, त्या राखेत नाचणी पेरली आणि दोन-तीन वर्षांनी तो तुकडा पुन्हा रानाला देऊन टाकला, त्यांनी कागद कुठून आणायचा? कुमेरी बंद झाली, माणसं खालच्या शेतात आणि कुळागरात आली, आणि फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरते आहे. कुठलं टेबल ते लिहीत नाही. लिहून फाईल आणखी खाली जायची.

संध्याकाळी गेटापर्यंत तुम्ही पुढे सायकलवर आणि मी मागे स्कूटरवर. गेटाच्या अलीकडच्या वळणावर तुम्ही थांबलात, मला पुढे जाऊ दिलंत, आणि मी रस्त्याला लागल्यावर मागून शीळ ऐकू आली. तुम्ही मुद्दाम घातलीत की सवयीने, ते विचारायचं राहिलं.

घरी आले, आईला सगळं सांगितलं. सांगावं की नको, यावर बसमध्ये मडगावपासून पणजीपर्यंत विचार केला होता. तिच्या आयुष्यातली एक मोठी गोष्ट मी तिच्याकडून काढून घेत होते ना. ती ऐकत राहिली. छडीचं सांगितलं तेव्हा डोळे मिटले. बऱ्याच वेळाने म्हणाली, "म्हणजे ते पाखरू नव्हतं?" दोन वर्षं ती त्या शीळेला पक्षी समजत होती. पहिली शीळ ऐकली की तिला धीर यायचा, पाखरू गातंय म्हणजे रान शांत आहे. आपल्या भावाला तिने पत्रातून कळवलंही होतं की इथे एक पक्षी आहे, तो मला रोज शाळेपर्यंत पोचवतो.

ती पत्रं आहेत, दादा. मामांनी जपून ठेवली होती, त्यांच्या मागे ती आमच्याकडे आली. आईने आणि मी मिळून चार रात्री ती वाचली. अकरा पत्रं, निळी अंतर्देशीय. त्यातल्या तिसऱ्या पत्रात, 1971 च्या नोव्हेंबरात, पक्ष्याचं आहे. सातव्या पत्रात ती लिहिते की ज्यांच्या घरी ती जेवते त्यांची नाचणी डोंगराच्या उतारावर आहे, आणि कापणीला ती पोरांना घेऊन गेली होती. कोणाचं घर, कुठला उतार, शाळेपासून किती वेळ चालायला, सगळं लिहिलंय, मास्तरीणच ती. एका पत्रात पौषातल्या धालोंचं, बायकांच्या गाण्या-नाचाचं आहे. मांडाच्या कडेला बसू दिलं, गाणी आमच्याकडच्यासारखीच, चाल वेगळी, असं.

त्या अकराही पत्रांच्या झेरॉक्स सोबत पाठवतेय. त्यांचा तुमच्या दाव्यात उपयोग होतो का, ते वाड्याच्या वन हक्क समितीने ठरवावं. जाणत्या माणसाची लेखी जबानी त्या कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून धरतात, आणि आई जाणती आहे, अजून तिला तारखा चुकत नाहीत. ती जबानी द्यायला तयार आहे. गाडीत बसायचं, पूल आहे, झुआरीवर आता दोन-दोन पूल आहेत, असं ती स्वतःच आम्हाला समजावते.

हे पत्र उघड लिहिण्याचं कारण आईच. त्या वर्षांत पेडण्यातून, डिचोलीतून, सत्तरीतून तिच्यासारख्या कितीतरी मुली अशा रानातल्या शाळांवर गेल्या, आणि त्यांतल्या ज्या आहेत त्या सगळ्या आज आपापल्या ओसरीवर बसून एकटीने रान तुडवल्याच्या गोष्टी सांगतात. त्यांनी एकदा चौकशी करावी, असं तिचं म्हणणं. शिवाय तिला छडीबद्दल जाहीरपणे काहीतरी म्हणायचं होतं. मी विचारलं, काय लिहू? तीनदा सांगितलं आणि तीनदा खोडायला लावलं. शेवटी म्हणाली, "लिही, हजेरी लावली."

पेडण्याचे काजू पाठवतोय. कणंगां (कंद) निघाली की वहिनींनी ठेवलेला वाटा घ्यायला आम्ही दोघी येऊ. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमच्या बाईंची मुलगी
पेडणे, गोवा